या नोव्हेंबरात बंदूक हातात घेऊ नका

वाचकाचं पत्र:

मी मूळचा साताऱ्याचा. नऊ वर्षं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनला आहे, एच-वन-बी व्हिसावर. मार्चमध्ये वडील गेले. मी पोहोचलो तेव्हा सावडणंसुद्धा होऊन गेलं होतं, हातात आला तो अस्थींचा कलश. तेव्हापासून मरणाचा विचार डोक्यातून जात नाही. आमचे शेजारी साठीचे आहेत आणि दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जातात. त्यांनी मला बोलावलंय. म्हणाले, स्वतःच्या हातानं एक जीव घेतलास, मांस घरी आणून खाल्लंस, की मरणाशी ओळख होते. मला ते पटलं. पत्नी शाकाहारी आहे. ती म्हणते, ‘बाबांचं वर्षसुद्धा झालं नाही आणि तू जीव घ्यायला निघालास?’ मी लहानपणापासून मटण खातो, पण जत्रेत बोकड कापायची वेळ आली की परसात पळून जायचो. शिकार करणं चूक आहे का? हरिण पटकन मेलं नाही तर काय करायचं? आणि शेजारी म्हणतात तसं खरंच होतं का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन त्यालाच टांगलेले आहेत. नाही, तसं होत नाही. हरिण मारल्यावर हरणाच्या मरणाशी ओळख होते. ती खरी असते, पुष्कळांना ती बदलूनही टाकते. पण वडिलांच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही तिथे नव्हता, ही जी बोच आहे, तिचं उत्तर त्या जंगलात नाही. आणि ते उत्तर शोधायला गेलेला माणूस वाईट शिकारी ठरतो. काहीतरी वाटावं म्हणून तो गेलेला असतो, त्यामुळे गोळी न झाडता परतणं त्याला जमत नाही. नऊ दिवसांचा हंगाम संपत आलेला असतो, संध्याकाळ होत असते, हरिण लांब आणि तिरकं उभं असतं, आणि तो चाप ओढतो. त्याची किंमत हरिण मोजतं.

म्हणून आमचं मत: या नोव्हेंबरला शेजाऱ्यांबरोबर जरूर जा, पण बंदूक न घेता. शिकारीचा निर्णय वर्षश्राद्ध झाल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात घ्या. तोवर मरणाच्या ओळखीसाठी दुसरा रस्ता आहे, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आता ‘चूक आहे का’ हा प्रश्न. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. चितळ, सांबर किंवा काळवीट मारणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे आणि तो तसाच असावा. विस्कॉन्सिनमध्ये परिस्थिती वेगळी आहे. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या दहा लाखांच्या वर आहे. लांडगे १९६० च्या आसपास राज्यातून नाहीसेच झाले होते. ते नंतर परतले, पण मुख्यतः उत्तरेकडच्या जंगलात. तुमच्या भागात मका-सोयाबीनची शेतं, बंगल्यांच्या बागा आणि मधेमधे झाडी, म्हणजे हरणाला आयतं पक्वान्न. १९४० च्या दशकात तिथे उत्तरेला हरणं इतकी वाढली की कोवळी झाडं खाऊन संपली आणि कडक हिवाळ्यात कळपच्या कळप उपाशी मेले. मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे आल्डो लिओपोल्ड तेव्हा माद्याही मारू द्या असं जाहीरपणे म्हणाले. त्याबद्दल शिकाऱ्यांनीच त्यांना खूप शिव्या घातल्या.

हे सगळं खरं असलं तरी त्याच्या आड लपू नका. हरणांची संख्या आवरणं हे राज्याच्या वनखात्याचं कारण आहे. तुम्ही एक हरीण मारल्यानं जंगल वाचणार नाही, न मारल्यानं बुडणार नाही. तुमच्यापुरता प्रश्न एवढाच: मी मांस खातो, त्यासाठी दरवेळी कुणीतरी माझ्या वतीनं सुरी चालवतो, ते एकदा मी स्वतः करावं का? याला ‘हो’ हे उत्तर प्रामाणिक आहे. ‘नाही, मला ते जमणार नाही, मी खाटकाकडूनच आणीन’ हेही प्रामाणिक आहे. परसात पळणारा मुलगा भित्रा होता असं समजून त्याला आता धडा शिकवायला निघाला असाल, तर मात्र थांबा. ज्या मुलाला बोकडाचं ओरडणं ऐकवत नव्हतं, त्याचा कान शाबूत होता, आणि शिकाऱ्याला तोच कान लागतो.

पापपुण्याचा निवाडा या सदरात होत नाही. तरी महाभारतातली पांडूची गोष्ट आठवून पाहा. हरणाच्या रूपातल्या किंदम ऋषीला त्यानं बाण मारला आणि शाप घेतला. ऋषीची तक्रार काय होती? हरिण मारलंस ही नव्हे, राजे शिकार करतातच. जोडीदाराबरोबर असताना मारलंस, थोडं थांबला नाहीस, ही होती. कधी मारायचं नाही, हा शिकारीच्या नीतीतला सगळ्यात जुना भाग आहे. योगायोग असा की पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माजाचा काळ विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन भरात असतो आणि बंदुकीचा हंगाम त्याच्या लगेच नंतर, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. नर तेव्हा बेभान फिरतात, म्हणून सोपे सापडतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं शिंगांच्या मागे लागू नये असं आम्ही सांगतो. परवाना असेल तर प्रौढ मादी घ्या. ‘तिची पिल्लं?’ असं तुम्ही विचारणारच. ती मे-जूनमध्ये जन्मलेली असतात, नोव्हेंबरात पाच-सहा महिन्यांची. दूध केव्हाच सुटलेलं असतं, ती आईशिवाय जगतात. तरीही पिल्लू शेजारी उभं असताना चाप ओढायचा नाही असं ठरवणारे शिकारी आहेत. कायदा ते मागत नाही, पण असा एखादा नियम आपला आपण घालून घ्यावा.

आता कायद्याची एक गाठ, जी तुमच्या शेजाऱ्यांना माहीत असण्याची शक्यता कमी. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. ‘जवळ बाळगणं’ याचा अर्थ विकत घेणं एवढाच नाही. नेमबाजीच्या मैदानावर भाड्याची बंदूक हातात घेणं, शेजाऱ्यांची रायफल ‘जरा बघ कशी वाटते’ म्हणून उचलणं, हेही त्यात येतं. मोठा अपवाद एकच: अमेरिकेतल्या राज्यानं दिलेला, चालू असलेला शिकारीचा परवाना. म्हणून क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी शिकारी-शिक्षणाचा वर्ग. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागतोच, आणि प्रौढांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. मग परवाना. मग मैदान, रायफल, काडतूस. विस्कॉन्सिनचा परवाना ३१ मार्चला संपतो. त्या दिवशी तुमचा अपवादही संपतो, तेव्हा रायफल शेजाऱ्यांच्याच कपाटात राहू दे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही. चुकीची शिक्षा फौजदारी आहे आणि व्हिसाही जाऊ शकतो, म्हणून तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाकून लेखी खात्री करून घ्याच.

या वर्षी नुसतं सोबत जाताना परवाना लागत नाही, पण दोन गोष्टी पाळा. हाकारा घालू नका; हरणं हुसकून बंदुकीपुढे आणणं म्हणजे शिकारीत भाग घेणंच. आणि भडक नारिंगी जाकीट व टोपी घाला. शिकाऱ्यावर कमरेच्या वरच्या कपड्यांपैकी किमान निम्मे नारिंगी किंवा भडक गुलाबी असण्याची सक्ती आहे. तुमच्यावर नसली, तरी गोळी कुणावर सक्ती आहे ते बघत नाही. मचाणावर चढणार असाल तर अंगभर पट्ट्यांचा हार्नेस, जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत दोरीला अडकवलेला. बंदुकीची गोळी लागण्याची भीती सगळ्यांना असते; मचाणावरून पडण्याची नसते, आणि पडणारे बरेच असतात.

सोबत गेल्यावर काय बघायचं? चाप ओढला जाण्याचा क्षण नव्हे. तो अर्ध्या सेकंदाचा असतो आणि त्यात कळत काही नाही. त्याच्या आधी शेजारी कितीदा बंदूक उचलतात आणि परत खाली ठेवतात ते मोजा. मग विचारा, का ठेवली? त्यांच्या उत्तरावरून तुम्हाला कळेल की यांच्याकडून शिकायचं की नाही.

कारण हरणाचं मरण चांगलं की वाईट, हे जवळजवळ पूर्णपणे गोळी कुठे लागते यावर ठरतं. हरिण पूर्ण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं सरळ वर जा आणि पोटाच्या रेषेपासून शरीराच्या उंचीच्या एक तृतीयांशावर थांबा. तिथे आत हृदयाचा वरचा भाग आणि दोन्ही फुफ्फुसं आहेत. मोठ्या ताटलीएवढी, साधारण २० सेंटिमीटरची जागा. दोन्ही फुफ्फुसांतून गोळी गेली की रक्तदाब कोसळतो. हरिण उडी मारून पळतं, पन्नास-शंभर मीटरवर पडतं, आणि शुद्ध काही सेकंदांतच जाते. थोडं मागून तिरकं, म्हणजे तोंड तुमच्यापासून दूर असेल, तरी चालतं. तेव्हा गोळी पलीकडच्या खांद्याच्या दिशेनं जाईल असा नेम धरायचा. समोरून, पाठीमागून, धावताना आणि झुडपाआडून: नाही. डोक्यात मारलं की लगेच मरतं, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. हरिण डोकं सारखं हलवतं, मेंदू मुठीपेक्षाही लहान, आणि चार बोटं नेम चुकला की जबडा फुटतो. जबडा फुटलेलं हरिण पळून जातं आणि उपाशी मरतं. त्याला कित्येक दिवस लागतात.

तुमची मर्यादा किती मीटरची, हे रायफल ठरवत नाही, तुम्ही ठरवता. पुढच्या वर्षी परवाना मिळाल्यावर मैदानावर निशाणा म्हणून कागदी ताटली लावा. टेबलावर वाळूच्या पिशव्यांच्या आधारानं बसून नव्हे. जमिनीवर बसून, गुडघ्यावर आणि मचाणाच्या कठड्याला टेकून, जाड जाकीट-हातमोज्यांसह. ५० मीटरपासून सुरुवात करा. पाचपैकी पाच गोळ्या ताटलीत ज्या अंतरापर्यंत जातात, ती तुमची हद्द. चार गेल्या तर ती हद्द नाही. नवख्या माणसाची बहुधा ७५ ते १०० मीटरच्या आत येते आणि तेवढी दक्षिण विस्कॉन्सिनच्या झाडीत पुरते. शेजाऱ्यांकडे दोन-तीन रायफली असतील तर कमी धक्क्याची, .२४३ विंचेस्टरसारखी मागा. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रायफलीच्या धक्क्याला घाबरून माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, आणि मग गोळी पोटात जाते. हरणाच्या मागे मातीचा उतार नसेल, ते टेकडीच्या कडेवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं असेल, तर ते कितीही सुंदर आडवं उभं असो, बंदूक खाली. ती गोळी दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते.

‘पटकन मेलं नाही तर?’ हा तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. यावर सविस्तर लिहितो, कारण नवखे इथेच चुकतात आणि चूक दयेपोटी होते.

गोळी झाडल्याबरोबर दुसरी भरा आणि हरणाकडे बघत राहा. ते अजून उभं असेल आणि नेम स्वच्छ मिळत असेल तर त्याच जागी लगेच दुसरी मारा. मांस नासेल याचा हिशोब तेव्हा करू नका. पळालं, तर शेवटचं कुठल्या झाडाशी दिसलं ते मनात पक्कं करा आणि घड्याळ बघा. मचाणावरून उतरू नका. किमान अर्धा तास. मन म्हणेल की ते तडफडत असेल, जाऊन संपवावं. पण जखमी हरीण पाठलाग नसेल तर थोड्या अंतरावर जाऊन बसतं, आणि बसल्याजागी संपतं. माणसाची चाहूल लागली तर उठून किलोमीटरभर पळतं, रक्त थांबतं, माग तुटतो, आणि ते कुठेतरी रात्रभर मरत राहतं.

अर्ध्या तासानं गोळी लागली ती जागा शोधा आणि रक्त बघा. गुलाबी, फेसाळ, बुडबुड्यांचं रक्त म्हणजे फुफ्फुस. माग काढा, हरिण जवळच मरून पडलेलं असेल. गडद, काळपट लाल म्हणजे बहुधा यकृत. तीन-चार तास थांबा. पातळ रक्तात हिरवट-तपकिरी चोथा आणि आंबूस वास म्हणजे पोट किंवा आतडी. अशा हरणानं गोळी लागताना पाठ कमानीसारखी वाकवलेली असते आणि ते पळण्याऐवजी चालत गेलेलं असतं. इथे आठ ते बारा तास थांबावं लागतं. ते मरणारच असतं, फक्त सावकाश. ते तास वाईट असतात, आणि त्यांच्यावर उपाय नाही. म्हणूनच वरची ताटलीची कसोटी. रक्ताचा माग प्रत्येक थेंबाला कागदी रुमालाचा तुकडा ठेवत काढावा. माग हरवला की मागे वळून त्या तुकड्यांची रेघ बघायची, दिशा कळते. पट्ट्याला बांधलेलं कुत्रं घेऊन माग काढून देणारे लोक असतात, त्यांचा नंबर हंगामाआधी घेऊन ठेवा. हरिण दुसऱ्याच्या जमिनीत गेलं तर मालकाला विचारल्याशिवाय आत जाता येत नाही. त्या शेजारच्या मालकाशीही आधीच बोलून ठेवायचं.

पडलेल्या हरणाकडे पाठीच्या बाजूनं जा, पायांच्या बाजूनं कधीही नाही. मेलेल्या हरणाचे डोळे उघडे असतात. मिटलेले असतील तर ते जिवंत आहे. लांब काठीनं बुबुळाला स्पर्श करा. पापणी हलली तर मागे होऊन फुफ्फुसांत आणखी एक गोळी. सुरी घेऊन गळा कापायला जाणं हा सिनेमातला प्रकार. हरणाच्या खुरांनी माणसाची मांडी फाटते.

यानंतर हात थरथरतात. काही जण रडतात, काहींना भूक लागते, काहींना काहीच वाटत नाही आणि त्याचंच अपराधीपण येतं. हे सगळं अॅड्रेनलिन ओसरल्याचं लक्षण आहे, त्यावरून स्वतःबद्दल निकाल देऊ नका. दोन मिनिटं बसा, मग कामाला लागा, कारण पोटातली उष्णता मांस नासवायला लगेच सुरुवात करते. हातमोजे घाला. हरिण उताणं करा, छातीच्या हाडाखाली छोटी चीर द्या, दोन बोटं आत घालून कातडी वर उचलून धरा आणि सुरीची धार वरच्या बाजूला ठेवून ओटीपोटापर्यंत कापत जा. धार खाली राहिली की कोथळा फुटतो आणि चोथा मांसावर सांडतो. गुदद्वाराभोवती गोल कापून ते दोरीनं बांधा. मूत्राशय फोडू नका. छाती आणि पोटामधला पडदा बरगड्यांच्या कडेनं कापा, हात वर घालून श्वासनलिका तोडा, आणि सगळं एकदम बाहेर ओढा. बाहेर हवा पाच अंशांच्या खाली असेल तर हरिण टांगून ठेवता येतं. वर असेल तर बर्फाच्या पिशव्या पोटात घालून लगेच हलवा. मारलेल्या हरणाची वनखात्याकडे नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत, ऑनलाइन किंवा फोनवर.

बघायला गेलेल्याला ही साफसफाई जास्त शिकवते. या नोव्हेंबरला शेजाऱ्यांना म्हणा, पाय धरून उभा राहतो. हात कोपरापर्यंत आत गेला की शरीर किती गरम असतं आणि किती सावकाश थंड होतं ते कळेल. तिथे तुम्ही परसात पळून गेलात, तर पुढच्या वर्षीचं उत्तर मिळालं, आणि कुठलंही हरीण त्यासाठी वाया गेलं नाही.

मांसाबद्दल थोडक्यात. प्रौढ मादीचं हाडाविना २० किलोच्या आसपास निघतं. तुमच्या भागात, डेन आणि आयोवा काउंटीत, हरणांना सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. राज्यात तो २००२ मध्ये प्रथम सापडला. माणसाला झाल्याचं अजून आढळलेलं नाही, पण बाधित हरिण खाऊ नये असा सरकारी सल्ला आहे. तो ज्या प्रिऑन प्रथिनामुळे होतो ते कुकरच्या कितीही शिट्ट्यांनी नष्ट होत नाही. म्हणून डोकं थोड्या मानेसह वनखात्याच्या पेटीत टाका, तपासणी फुकट असते. साधारण दोन आठवड्यांत निकाल येईपर्यंत मांस नाव-तारीख घालून वेगळं गोठवा. पाठीचा कणा करवतीनं कापू नका, मांस हाडावरून सोडवून घ्या. शिशाची गोळी फुटून तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून वीतभर लांबपर्यंत जातात, म्हणून तांब्याची गोळी वापरा, घरात लहान मूल असेल तर नक्कीच. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती सगळी काढा. नळ्या आणि मांडीचं तांबड्या रश्श्यात दोन-अडीच तास मंद शिजवलं तर बोकडाच्या मटणाची आठवण येईल. पाठीची पट्टी मात्र रश्श्यात घालू नका, चामडं होतं. तिला तव्यावर तीन-चार मिनिटं पुरतात. शिंगं सुटकेसमधून साताऱ्याला नेण्याचा बेत असेल तर तो सोडा, कस्टम आणि वनखातं दोन्हीकडे अडकाल.

आता तुमच्या पत्नी. त्यांच्या वाक्यात शाकाहारापेक्षा ‘बाबांचं वर्ष’ जास्त आहे, असं आम्हाला वाटतं. त्यांना तुमच्या ताटातलं मटण इतकी वर्षं चाललं. त्यांची तक्रार ही की घरात दुःख आहे आणि तुम्ही ते त्यांच्याबरोबर न वाटता एका शेजाऱ्याबरोबर रानात घेऊन चाललात. याचं उत्तर धर्मशास्त्रातून देऊ नका. या वर्षी बंदूक घेत नाही हे त्यांना सांगा, आणि पुढच्या वर्षी ठरलंच तर वेगळा फ्रीजर, वेगळी सुरी, वेगळं पातेलं हे आत्ताच कबूल करा.

आणि वडील. तुमच्याकडे त्यांच्या शेवटच्या दिवसांचं चित्रच नाही, म्हणून मन तिथे नुसतं घिरट्या घालतंय. ते चित्र मिळू शकतं. जो तिथे होता त्याला, भावाला, चुलत्यांना, वॉर्डात सोबत असलेल्या आत्याला, फोनवर शांतपणे विचारा: शेवटचं काय खाल्लं, कुणाला हाक मारली, श्वास कसा चालला होता. बहुतेक सांगतील की श्वास मधेच थांबायचा, मग जोरात यायचा, घशात घरघर होती, पाय गार आणि निळसर पडले होते. ऐकायला भयंकर वाटेल. पण मरणाऱ्या शरीराचं हे नेहमीचं चालणं आहे. ती घरघर गिळता न आलेल्या लाळेची असते आणि त्या वेळी माणूस बहुधा शुद्धीत नसतो. हे माहीत नसल्यामुळे कित्येक मुलं आयुष्यभर समजतात की वडील गुदमरून गेले. दवाखान्याचं डिस्चार्ज किंवा मृत्यूचा सारांश मागवून एखाद्या डॉक्टर मित्राकडून समजून घ्या. पुढच्या खेपेला साताऱ्याजवळ संगम माहुलीच्या नदीघाटावर जाल तेव्हा यातलं बरंचसं जागेवर बसलेलं असेल.

मरणाशी ओळख करून घ्यायचीच असेल, तर हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत, स्वयंसेवक व्हा. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमानुसार अमेरिकेतल्या हॉस्पिसना रुग्णसेवेच्या तासांच्या किमान ५ टक्के काम स्वयंसेवकांकडून करून घ्यावंच लागतं, त्यामुळे त्यांना माणसं सतत हवी असतात. आधी प्रशिक्षण देतात. आठवड्याला दोन-तीन तास कुणाच्या तरी उशाशी बसायचं, पाणी द्यायचं, घरच्यांना बाहेर पाय मोकळे करायला सोडायचं. फक्त घरात नुकताच मृत्यू झालेल्याला पुष्कळ ठिकाणी वर्षभर थांबायला सांगतात. विचारलं तर खरं सांगा, लपवू नका. तेवढ्यासाठी तिथे शोकगट असतात, त्यात आत्ताच जाता येईल.

शेवटी कागद. विस्कॉन्सिनमध्ये तुम्ही बेशुद्ध असताना उपचारांचा निर्णय घेण्याचा अधिकार पत्नीला आपोआप मिळत नाही. लेखी मुखत्यारपत्र नसेल तर कोर्टातून पालक नेमावा लागू शकतो. राज्याच्या आरोग्य खात्याचा फॉर्म फुकट मिळतो, वकील लागत नाही, दोन साक्षीदार लागतात आणि ते रक्ताचे किंवा लग्नाचे नातेवाईक नसावेत. दोघांनी एकमेकांसाठी या महिन्यातच भरा. आईसाठी भारतात हे २०२३ पासून सोपं झालंय: सर्वोच्च न्यायालयाच्या सुधारित निर्देशांनुसार शेवटच्या आजारातल्या उपचारांविषयीचं इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. पण आईकडे हा विषय फोनवर काढू नका, आणि वर्षश्राद्धाच्या गर्दीत तर नाहीच. पाहुणे गेल्यावर दोन दिवस जास्तीचे राहा. ‘तुला कुठे राहायचंय, घरी की दवाखान्यात?’ एवढंच विचारा, आणि ती बोलायला लागली की लिहून घ्या.